वरचा दांडा

सुई हे काही त्याचं नाव नव्हे. पण त्या धक्क्यावर कोणी खरं नाव घेऊन त्याची चौकशी केली असती, तर चार जणांनी माना हलवल्या असत्या आणि पाचव्यानं भलतीकडेच बोट दाखवलं असतं. अंगानं काडी, खांदे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते शोधावं लागेल असे. बोटीच्या पोटात ज्या फटीत उंदीरसुद्धा दोनदा विचार करून शिरेल, तिथं हा हातात पाना धरून सरळ आत जाणार. म्हणून सुई. नाव ठेवलं मामानं, आणि मामानं एकदा ठेवलेलं नाव बदलायची धक्क्यावर कोणाची छाती नव्हती.

मामा हा त्याचा सख्खा मामा. पाण्याच्या कडेला लांबलचक पत्र्याची शेड, समोर पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, शेडच्या मागच्या भिंतीवर पाने, पकडी, तारा, आणि त्या भिंतीच्या वरच्या बाजूला लाल रंगात मामाच्या हातानं लिहिलेली एक ओळ: ‘नव्या केबलीत तेल घालू नये.’ बोटी दुरुस्त करायचं हे दुकान मामानं एकट्यानं उभं केलं. वडील गेल्यावर सुईच्या आईनं त्याला इथं आणून सोडलं तेव्हा मामानं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “हा उपयोगाचा आहे. हा कुठंही शिरेल.” सुईच्या आयुष्याचा निकाल त्या एका वाक्यात लागला. मामी होती तोवर तिनं त्याला जेवू घालून जाडा करायचा बराच प्रयत्न केला, पण ते बिचारीच्यानं झालं नाही.

अठ्ठावीस वर्षं हा माणूस आडवा पडून काम करत होता. पाठीवर, कुशीवर, पोटावर, क्वचित डोकं खाली आणि पाय वर. मान डावीकडे कलली ती कायमचीच. बायको म्हणायची, “तुम्ही एक दिवस सरळ बघितलंत ना, तर मी दचकेन.” तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण रात्री पाठीला मलम चोळताना ती हसत नसे.

तर या सुईच्या खिशात आज एक पत्र होतं. खाडीच्या पलीकडे तांत्रिक शाळा आहे, तिथं इंजिनाचा वर्ग शिकवायला माणूस हवा होता. सुईनं कोणाला न सांगता अर्ज केला, परीक्षा दिली, तोंडी परीक्षेत तीन साहेबांसमोर इंजिनाचं पोट असं काही उलगडून सांगितलं की एका साहेबानं चहा गार होऊ दिला. निवड झाली. फळ्यासमोर उभं राहून करायचं काम. उभं राहून! सुई एकटा असला की भिंतीशी पाठ लावून उभा राहायचा आणि हातात खडू धरल्यासारखं करायचा. पत्रात लिहिलं होतं की आज दुपारी चारच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. पंधरा दिवसांची मुदत त्यानं एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा वाढवून मिळणार नाही असं कारकुनानं बजावलं होतं.

ही मुदत त्यानं कशासाठी घेतली होती? तर मामाला सांगण्यासाठी. पंधरा दिवसांत माणूस घर बांधायला काढतो, मुलीचं लग्न ठरवतो. या पठ्ठ्याला एक वाक्य बोलता आलं नाही. रोज सकाळी ठरवून यायचा. मामा समोर आला की हा “मामा, चहा सांगू का?” असं विचारून मोकळा व्हायचा. त्या पंधरवड्यात मामानं जन्मात प्यायला नसेल इतका चहा प्याला.

आज मात्र इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून खुंटीला टांगला होता. दुपारच्या चहाला मामाला सांगायचं आणि तीनची फेरीबोट पकडायची. बायकोनं निघताना बजावलं होतं, “आज नाही बोललात तर पुन्हा माझ्यापाशी मानेचं रडगाणं गायचं नाही.”

साडेबाराला एक सारंग, म्हणजे बोट चालवणारा, आपली बोट घेऊन आला. बोट प्रवाशांची, चांगली मोठी, आणि तिला दोन सुकाणू. एक खाली काचेच्या आत, वारापाणी असेल तेव्हासाठी. दुसरं वर उघड्यावर, लांबचं दिसावं म्हणून. दोन्हीकडे रेसचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचा, एकेक दांडा. दोन्ही दांड्यांच्या केबली खाली इंजिनापाशी येऊन एकाच पट्टीला जोडलेल्या. त्यामुळे खालचा दांडा हलवला की वरचा आपोआप हलतो आणि वरचा हलवला की खालचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कोणी अदृश्य माणूस बसलाय.

“वरून रेस पुढे जाते, मागे येत नाही,” सारंग म्हणाला. “काल धक्क्याला लागताना मी दांडा ओढतोय आणि बोट आपली पुढेच. खाली उडी मारून इंजिन बंद केलं. माझा खलाशी दोर घेऊन मध्ये उभा होता. त्यानं हात काढला म्हणून हात राहिला.”

“आधी काही त्रास?” मामानं विचारलं.

“थोडा जड होता. तीन दिवसांपूर्वी तुमच्याकडचं माणूस येऊन बघून गेलं म्हणे. मी नव्हतो, खलाशी सांगत होता, तो इथं नवा आहे. त्यानंतरच हे सुरू झालं.”

“माझ्याकडचं माणूस म्हणजे हाच,” मामानं सुईकडे अंगठा केला. “दुसरा आहे वेल्डर, तो बोटीत चढला तर बोट कलते.”

सारंगानं सुईकडे पाहिलं. ती नजर काही प्रेमाची नव्हती. आणि सुई गप्प राहिला. कारण तीन दिवसांपूर्वी तो इथं नव्हताच. दाढ काढायला जातो सांगून सुट्टी घेतली होती आणि पलीकडे जाऊन कागदांवर सह्याशिक्के करून आला होता. मी नव्हतो म्हणावं तर कुठं होतास हा प्रश्न आलाच. स्वतःच मारलेली थाप अशी गळ्यात येऊन बसली.

“साडेतीनला माझे प्रवासी आहेत,” सारंग म्हणाला.

“साडेतीनला बोट मिळेल,” मामानं सांगून टाकलं. “आणि सुई पहिल्या फेरीला बरोबर येईल.”

ही मामाच्या दुकानाची रीत. ज्यानं दुरुस्तीला हात लावला, त्यानं दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला बोटीवर जायचं. आपण केलेल्या कामावर आपला जीव बसवायचा. सगळ्या धक्क्यावर मामाचं नाव होतं ते याच रीतीमुळे. सुईनं मनातल्या मनात हिशेब मांडला. दोनपर्यंत दोष सापडला तर नवी केबल वेल्डर वरून ओढेल, पहिल्या फेरीला मामाला विनवून वेल्डरलाच पाठवायचं, बोट कलली तर कलली. तीनची फेरीबोट मिळेल.

तो कामाला लागला. आधी इंजिनाकडून. पट्टीवरून दोन्ही केबलींच्या पिना काढल्या आणि इंजिनाचा रेसचा हात नुसत्या बोटानं हलवून पाहिला. लोण्यासारखा. म्हणजे इंजिन निर्दोष. मग खालची केबल एकटी जोडली, खालचा दांडा पुढे-मागे केला. हलका. ती काढली, वरची एकटी जोडली. वर जाऊन दांडा ढकलला तर गेला, ओढला तर हाताला रग लागली. म्हणजे दोष वरच्या बाजूला. आता एक तर वरची दांड्याची पेटी, नाहीतर केबल. आणि केबल असेल तर बहुतेक वळणावर. वरून येणारी केबल खांबाच्या पोकळीतून उतरते, खालच्या सुकाणूच्या मागे काटकोनात वळते आणि तळाखालून इंजिनाकडे जाते. ते वळण बघायचं तर सुकाणूखालच्या हातभर दारातून आत शिरून फळी आणि बोटीच्या अंगामधल्या फटीत पाठीवर सरकायचं.

सुई शिरला. उजवा हात डोक्याच्या पुढे, डावा मांडीला चिकटलेला. एकदा आत गेलं की हातांची अदलाबदल करता येत नाही. नाकापासून चार बोटांवर फळी. आत डिझेलचा आणि कुजक्या पाण्याचा वास. पूर्वी तो इथून सहज सरकायचा, आता खांदा दोनदा अडला. वयानं माणूस जाडा होत नसला तरी ताठ होतो, हे त्याला अलीकडेच कळू लागलं होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फोन डाव्या कमरेखाली, आणि डावा हात तिथंच असूनही वळेना. बायको असणार. निघालात का, विचारायला. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सुई अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिला. एका क्षणी त्याला वाटलं, इथंच अडकलो तर बरं. कोणी काही विचारणार नाही. मग त्या विचाराचीच त्याला भीती वाटली.

दारातला उजेड गेला. मामा येऊन दारासमोरच्या पायरीवर बसला होता.

“काय रे, पोचलास?”

“पोचतोय.”

“सावकाश. घाई नको.” मामानं पायरीवर पाय पसरले. “दाढ काढलीस ना रे?”

“काढली मामा.”

“बरं झालं. दाढ वाईट. तुझ्या मामीला झोप लागायची नाही दाढेनं.” खाली पाण्याची चुळबूळ चालली होती. “पुढच्या वर्षी पाटी बदलायची म्हणतोय मी. तुझं नाव टाकायचं. किती दिवस मी इथं पहारा करत बसू?”

हीच वेळ, त्याला वाटलं. मामाचा चेहरा दिसत नाही, आपला त्याला दिसत नाही. अंधारात बोलून टाकावं.

“मामा, एक सांगायचं होतं.”

“सांग की.”

बोलायच्या आधी हात काही तरी करत राहायला हवा म्हणून त्यानं उजवा हात पुढे सरकवला आणि बोटं केबलीच्या वळणावर पोचली. वळण ओलं, चिकट. केबलीचं आवरण तिथं फुगलेलं. त्यानं बोटं नाकाशी आणली. तेल. वरून कोणी ओतलं असेल ते ओघळून सगळ्यात खालच्या वळणावर येऊन साचलेलं, खाऱ्या पाण्याशी मिळून त्याचा चिकटा झालेला.

“काय रे, दाढ काढलीस ना?” मामानं विचारलं.

तोच प्रश्न, तोच सूर. जणू पहिल्यांदाच विचारतोय. सुईला काय वाटलं ते त्यालाही नीट कळलं नाही. तो म्हणाला, “काढली मामा. केबलीत तेल आहे.”

पायरी करकरली. मामा उठला होता. “तेल? कुठल्या गाढवानं घातलं? भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. जुन्या केबलीची गोष्ट वेगळी. हिच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तेल लागलं की फुगतं, आतली तार धरून ठेवतं. हे धक्क्यावरच्या मांजरालासुद्धा माहीत आहे. बाहेर ये तू.”

बाहेर येणं आत जाण्यापेक्षा अवघड. खांदा अडकला. मामानं नेहमीसारखे त्याचे दोन्ही घोटे धरले. “श्वास सोड. सगळा सोड. हं.” आणि हळूच ओढला. अठ्ठावीस वर्षं मामा त्याला असाच ओढून काढत आला होता. त्या हातांना आता कंप होता, पण ओढ तीच होती.

अडीच वाजून गेले होते. सुई शिडी चढून वर गेला. केबल काढायची तर वरची पेटी उघडायलाच हवी. त्यानं चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि तसाच बसून राहिला.

केबलीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा बांधलेला होता. जुनी युक्ती. तुकड्याचं वरचं तोंड उघडं ठेवायचं, त्यात तेल भरायचं, रात्रभर झिरपू द्यायचं. मामाच्या तरुणपणी सगळ्या केबलींना असंच तेल पाजायचे. आणि तुकडा बांधला होता सुतळीनं, तीन वेढे, आणि शेवटचं टोक आतल्या बाजूनं दाबून बसवलेलं. मामाची दोन बोटं फार वर्षांपूर्वी चाकात सापडून ताठ झाली आहेत. अशी गाठ साऱ्या जगात एकच माणूस बांधतो.

सुईला एकदम सगळं दिसलं. तो सुट्टीवर, खलाशी दांडा जड झालाय म्हणून निरोप घेऊन आलेला, आणि मामा हातात तेलाची कुपी घेऊन एकटाच निघालेला. शेडमधून जाताना तो त्या लाल ओळीखालूनच गेला असणार.

मामा दम खात शिडी चढून आला. त्याच्यामागे शिडीच्या पायथ्याशी सारंग वर बघत उभा राहिला. मामानं तो ट्यूबचा तुकडा काढून हातात घेतला, उजेडात धरला, उलटसुलट केला. सुई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ओळखेल, आता ओळखेल.

“गाठ मात्र चांगली बांधली आहे गाढवानं,” मामा म्हणाला. “कोण रे हा?”

त्याला खरंच माहीत नव्हतं.

खाली सारंग उभा होता. एक शब्द बोललं की संध्याकाळपर्यंत साऱ्या धक्क्यावर होणार होतं, की मामाचं डोकं ठिकाणावर नाही. उद्यापासून या उतारावर एकही बोट आली नसती. आणि न बोलता तीनची फेरीबोट पकडावी, तर परवा मामा पुन्हा कुपी घेऊन निघणार. कुठल्या तरी बोटीवर. या वेळी खलाशाचा हात राहिला होता.

“मी घातलं, मामा,” सुई म्हणाला.

मामानं त्याच्याकडे पाहिलं. “तू?”

“हो.”

“भिंतीवर लिहिलेलं दिसलं नाही?”

“विसरलो.”

एवढ्यात खालून सारंग म्हणाला, “मला वाटलंच होतं.” मामानं त्याला हातानंच गप्प केलं. मग सुईच्या कललेल्या मानेवर एक चापट मारली, पूर्वीसारखीच, पण तिच्यात जोर नव्हता. तो ट्यूबचा तुकडा मुठीत धरून तो बाकावर बसला.

“विसरलास,” तो म्हणाला. “आणि मी ठरवत होतो, आता सगळं तुझ्यावर सोपवावं आणि घरी बसावं. माझीही हाडं दुखतात रे. पण तुला एकट्याला टाकून कसा बसू? एखाद्याचा जीव घेशील तू.”

“हो मामा,” सुई म्हणाला.

तो खाली उतरून शेडमागे गेला आणि बायकोला फोन लावला.

“कुठं आहात? बोटीचा भोंगा झाला की. निघालात का?”

“नाही जमणार.”

तिनं विचारलं, “मामांना सांगितलंत?”

“काय?”

“काहीतरी सांगितलंत का त्यांना? काहीही?”

“हो. सांगितलं.” तेल कुणी घातलं ते खोटं सांगितलं, हे त्याला फोनवर बोलता आलं नाही. “घरी आल्यावर बोलतो.” ती रडत नव्हती. तिनं फोन ठेवला, आणि ते जास्त लागलं.

जुन्या केबलीच्या टोकाला दोरी बांधून ती ओढून काढली आणि त्याच दोरीनं नवी आत घेतली. वळणावर तिला हातभर ऐसपैस जागा द्यायला सुई पुन्हा त्या फटीत शिरला. या वेळी मामानं घोटे धरेपर्यंत तो आतच पडून होता. इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला. पत्र खिशात होतं, त्याला तेलाचा एक हात लागला होता.

साडेतीनला बोट सुटली. रीतीप्रमाणे सुई फेरीला होता, आणि आज मामाही होता. “तुझ्यावर भरवसा नाही,” म्हणाला. धक्क्यापासून लांब पाणी मोकळं झाल्यावर दोन्ही दांडे तपासायचे म्हणून सारंगानं सुकाणू त्यांच्या हाती दिलं. मामा खाली काचेच्या आत बसला. सुई वर.

वर वारा होता. सुई उभा होता, चांगला ताठ उभा, कित्येक वर्षांत कामावर उभा नव्हता तसा. समोर पलीकडचा किनारा, त्यावर तांत्रिक शाळेचं लांबट छप्पर आणि फाटक. फाटकाशी दोन-तीन माणसं दिसत होती. त्यातला एखादा हातात कागद घेऊन आलेला यादीतला पुढचा असेल. चार वाजायला दहा मिनिटं होती. सुईनं दांडा पुढे ढकलला आणि बोट त्या बाजूला जोरात निघाली. छप्पर मोठं होत गेलं. फाटकावरच्या पाटीवर अक्षरं आहेत एवढं दिसू लागलं.

मग त्याच्या तळहाताखाली दांडा आपोआप मागे येऊ लागला. खाली मामा ओढत होता. सुईनं तो घट्ट धरून ठेवला असता तर खालचा दांडा हलला नसता. मामाच्या हातात तेवढी ताकद आता नव्हती. त्याची बोटं दांड्यावर आवळली, क्षणभर तशीच राहिली. मग त्यानं ती सैल केली. दांडा सरळ मागे आला, इंजिनाचा आवाज उतरला, बोट मंदावली.

“जड वाटतोय का रे?” खालून मामानं ओरडून विचारलं.

सुई छपराकडे बघत होता.

“नाही मामा,” तो म्हणाला. “हलका आहे.”

थोड्या वेळानं खालून पुन्हा आवाज आला. “काय रे, जड वाटतोय का?”

“नाही मामा. हलका आहे.”